वेळसाव ते मोबोर, समुद्र उजव्या हाताला

शुक्रवार: कुएलीच्या टेकडीवर

मुरगावच्या पठाराखाली, वेळसाव गावाशी, दक्षिण गोव्याची वाळू सुरू होते आणि लांबलचक बाक घेत साळ नदीच्या मुखाशी, मोबोरला संपते. मध्ये आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी अशी गावे. पंचवीसेक किलोमीटर सलग किनारा, आणि एकही डोंगर आडवा येत नाही. काणकोणात दर दोन-चार किलोमीटरवर खडक समुद्रात घुसतो आणि वाट टेकडीवर चढते. उत्तरेत नद्यांची मुखे वाट तोडतात. इथे सकाळी निघून अंधार पडेपर्यंत माणूस नुसता चालत राहू शकतो. तरी आम्ही गोव्यातली माणसे कोलव्याला गाडी लावतो, दोन तास बसतो, भजी खातो आणि परत येतो. फार तर पाहुण्यांना बाणावली दाखवतो.

दिवस मामांनी ठरवला. मामा साखळीचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि भरतीच्या वेळा मोबाइलवर बघणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. "तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे," हा कोकणातल्या दर्यावर्दींचा जुना हिशेब त्यांनी फोनवरूनच कोल्हापूरच्या संजूदादाला समजावला. पौर्णिमेचे पंधरा घ्या, उत्तर सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. तृतीयेला सव्वादोन. भरतीच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. शनिवारी माघ वद्य तृतीया होती, म्हणजे सकाळी आठच्या आसपास पाणी तळाला, दुपारी सव्वादोनला वर, रात्री आठ-सव्वाआठला पुन्हा खाली. सकाळचा पल्ला ओल्या, कडक वाळूवरून मारायचा, भरतीच्या वेळी जेवून आडवे व्हायचे, आणि पाणी उतरू लागले की पुढे निघायचे. अष्टमी धरली असती तर पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गारव्याच्या वेळी, भुसभुशीत वाळू तुडवावी लागली असती. मी गुपचूप ॲपवर पाहून घेतले. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक होता. मामांना सांगितले नाही.

संजूदादा माझा आतेभाऊ. तो आणि वहिनी आंबोलीमार्गे दुपारी फोंड्याला पोचले. दादा पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याचा सूर आधीपासूनच ठरलेला होता. "पंचवीस किलोमीटर, ते पण सपाट? त्यात काय अवघड हाय?" मामा नुसते हसले.

कासावलीत मामांचे एक जुने सहकारी राहतात, रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे. ऊन उतरल्यावर त्यांनीच कुएलीच्या टेकडीवर नेले. वर पांढरेशुभ्र कपेल, म्हणजे छोटे चर्च आहे, रेमेदी सायबिणीचे. ६ जानेवारीला इथे तीन राजांचे फेस्त होते: कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचे तीन मुलगे राजाच्या वेषात घोड्यावर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात. एरवी इथे येतात ती इंटरनेटवर भुतांच्या गोष्टी वाचलेली पोरे, अंधारात मोबाइलचे दिवे घेऊन. यजमानांना हा विषय काढलेला आवडत नाही, आणि बरोबरच आहे. ज्या कपेलात आपण लहानपणापासून मिसेला जातो तिथे कुणी भूत शोधत आले तर कुणालाही राग येईल.

टेकडीवरून उद्याची वाट दिसत होती. पायथ्याशी शेते, मग घरे आणि रेल्वेचा रूळ, मग माडांचा पट्टा, त्यापलीकडे वाळूची फिकट कड दक्षिणेला जात जात धुरकट हवेत विरून गेलेली. दादाने डोळे बारीक करून विचारले, "मोबोर कुठं आलं?" यजमानांनी हात केला तिकडे काहीच दिसत नव्हते.

रात्री जेवताना घराच्या मागून मालगाडी गेली आणि बोलणे दोन-तीन मिनिटे थांबले. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा याच मार्गाने जातो. रूळ दुहेरी करायला वेळसावपासूनच्या गावांचा कडाडून विरोध आहे. काही घरांच्या पायऱ्या आणि रूळ यांत अंगण सोडाच, धड तुळशीपुरती जागा उरलेली नाही.

शनिवार: पायी

साडेसहाला वेळसावच्या वाळूवर उतरलो तेव्हा पूर्वेला उजाडत होते आणि पश्चिमेला, समुद्रावर, तृतीयेचा चंद्र अजून चांगला वर होता. वारा जमिनीकडून, गार. मागे उत्तरेला खडकाळ टेकाड, त्यापलीकडे दाबोळीचा विमानतळ आणि नौदलाचा तळ. दूर पाण्यावर बंदरात शिरायची वाट बघणाऱ्या जहाजांचे दिवे. आम्ही उत्तरेकडे पाठ केली आणि समुद्र उजव्या हाताला घेतला. दिवसभर तो तिथेच राहणार होता.

पहिल्या तासात प्रत्येकाने आपापली चाल शोधली. मामा पहिल्या पावलापासून अनवाणी, लेंगा पोटरीपर्यंत दुमडलेला. वहिनींच्या पायात पट्ट्यांच्या चपला. मी चपला हातात घेतल्या. दादाच्या पायात घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट, आत जाड मोजे. ओहोटीने उघडी पडलेली वाळू इतकी घट्ट होती की टाच टेकली तरी जेमतेम ठसा उमटे, आणि पाऊल पडले की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी पांढरी व्हायची. बुटांना त्याचे काही नव्हते. पण आरोशीच्या अलीकडे एक व्हाळ समुद्राला मिळतो, घोटाभरच पाणी, तिथे दादा उडी मारून पलीकडे गेला आणि काठाची वाळू त्याच्याखालून सरकली. त्यानंतर बुटात जे गेले ते बाहेर आलेच नाही. उतोर्ड्याला बूट नाड्या बांधून गळ्यात लटकले.

ओल्या पट्ट्यावर खेकड्यांचे काम चालू होते. करंगळीच्या नखाएवढा खेकडा बिळातून येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातले खाण्याजोगे तेवढे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. हे इतक्या वेगाने चालते की दहा मिनिटांत बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी सूर्यकिरणांसारख्या फाकतात. मधून एक रिकामी वाट मात्र ठेवलेली असते, धोका दिसला की परत पळायला. वहिनी प्रत्येक वेळी वळसा घालत होत्या. भरती आली की सगळे पुसले जाणार हे मामांनी सांगून झाले, पण त्यांचे पाऊल काही त्यावर पडेना. पुढे पाण्याच्या काठाने तुतवारांचा थवा लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचा, आली की उलटा पळायचा. कुरव मात्र सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले, वाऱ्याकडे. वारा कुठून आहे ते बघायला दुसरे काही लागत नाही.

उतोर्ड्यापुढे रापण लागली.

लांबून आधी दोन ओळी दिसल्या, शे-दीडशे पावलांच्या अंतराने, पाण्याशी काटकोनात. जवळ गेल्यावर दोर दिसले. पहाटे होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून दिलेले असतात. मग दोन टोळ्या ते ओढतात. माणूस टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एकेक पाऊल उलटा सरकतो. ओळीच्या शेवटी पोचला की दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्याच्या काठाशी येतो आणि सर्वांच्या पुढे हात घालतो. अख्खी ओळ अशी सतत फिरत राहते आणि दोर मात्र सरळ बाहेर येत राहतो. घाई नाही, आरडाओरडा नाही. जसजसे जाळे जवळ येते तशा दोन्ही ओळी एकमेकींकडे सरकतात.

एका म्हाताऱ्याने दोराची वेटोळी घालता घालता विचारले, "खंय वतात?"

"मोबोरा," मामा म्हणाले.

"चलून?" त्याने आमच्या चौघांच्या पायांकडे पाहिले, मग दादाच्या गळ्यातल्या बुटांकडे. "पिशे रे तुमी!"

दादाला राहवेना. तो दोराला लागला, वहिनीही लागल्या. पाच मिनिटांत दादाचे तळवे लाल. ओढणाऱ्यांत गावचे मोजकेच, बाकी ओडिशा आणि झारखंडकडचे तरुण, आणि त्यांना हा पाहुणा मोठा गमतीचा वाटला. म्हातारा मामांना सांगत होता, "आदीं गांवच ओडटालो. आतां ओडपाक भायले जाय." त्याची मुले दोन्ही परदेशात. शेवटी जाळ्याचे पोट वाळूवर आले तेव्हा आत बहुतेक तारले, थोडे बांगडे, काही चपटे लेपे, आणि जेलीफिशांचा चिकट ढीग. शिवाय एक प्लास्टिकची चप्पल. बादल्या घेऊन बसलेल्या नुस्तेकान्नी उठल्या आणि मगाचची शांतता संपली. भाव ठरताना मात्र चांगलाच आरडाओरडा झाला.

माजोर्ड्याला शॅकवाले खुर्च्या मांडत होते. पाव करण्याची कला पोर्तुगीजांबरोबर आलेल्या जेझुइटांनी गोव्यात आधी माजोर्ड्याच्या लोकांना शिकवली असे सांगतात. यीस्ट नव्हते, म्हणून पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे. खरेखोटे काही असो, किनाऱ्यावरून आत शिरल्यावर पहिला भेटला तो सायकलवर टोपली बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला, रबरी भोंगा वाजवत निघालेला. गरम पोळ्या घेतल्या; पोळी हा इथला एक पावच. एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी आणि मिरचीभजी मिळाली. कोल्हापूरकरांनी भाजीची चव घेतली, एकमेकांकडे पाहिले आणि सभ्यपणे गप्प राहिले. तिखटाच्या बाबतीत त्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बेताळभाटीपर्यंत चाल मस्त लागली होती. कोलवा जवळ आल्याचे आधी कानांना कळले. स्पीकर, पाण्यातल्या स्कूटरी, पॅराशूट ओढणाऱ्या बोटी. एकेकाळी मडगावची बडी घराणी मे महिन्यात इथे हवापालटाला येऊन राहत, बैलगाड्यांतून सामान घेऊन. त्या कोलव्याचा माग आता किनाऱ्यावर लागत नाही. थोडे आत चर्चपाशी लागतो, तिथे ऑक्टोबरात मेनिनो जेजूची, बाळ येशूची, फामा म्हणजे जत्रा भरते तेव्हा. किनाऱ्याला मिळणारा नाला काळा आणि वास मारणारा. तो आम्ही रस्त्याच्या पुलावरून ओलांडला. चालणाऱ्याने कोलव्याला थांबू नये. पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि निघालो.

इथपर्यंत अकरा वाजत आले होते आणि पाणी वर चढू लागले होते. आता दादाला सपाट जमिनीचे मर्म कळायला लागले. किनारा लांबून सपाट दिसतो, पण तो समुद्राकडे उतरता असतो. ओहोटीला उघडा पडणारा खालचा भाग जवळजवळ समतल; भरतीच्या वेळी मात्र चालायला उरतो तो वरचा, चांगला तिरका पट्टा. दक्षिणेला चालताना उजवे पाऊल सतत खाली आणि डावे वर. दर पावलाला कंबर एका बाजूला कलते. दोन-तीन तास हे झाले की डावा गुडघा आणि उजवा घोटा बोलू लागतात. डोंगर चढताना ज्या मांड्या दुखतात त्या इथे ठणठणीत, आणि ज्या सांध्यांचा कधी विचारही केला नव्हता ते कुरकुरत असतात. शिवाय चढ नाही, उतार नाही, म्हणजे एकच स्नायू हजारो वेळा एकाच तऱ्हेने वापरला जातो. "घाटात निदान दम लागला म्हणून थांबता येतं," दादा म्हणाला, "हितं थांबायला निमित्तच गावंना."

बाणावलीला निमित्त गावले. रस्त्यापलीकडच्या एका घरगुती खानावळीत ताटे मागवली: उकड्या तांदळाचे शीत, बांगड्याचे हुमण, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किस्मूर, सोलकढी. कुणी काही बोलले नाही. जेवणानंतर मालकांनी मागच्या पडवीत चटया टाकून दिल्या. बाणावली हे संत जोसेफ वाझांचे गाव. १६५१ साली इथे जन्मलेल्या या पाद्र्याने डचांच्या अमलाखालच्या श्रीलंकेत लपूनछपून धर्मकार्य केले, आणि २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. खानावळीच्या भिंतीवर त्यांची तसबीर होती, ताजा हार घातलेली.

पडवीत मालकांचे वडील बसले होते, पूर्वीचे रापणकार. सकाळच्या रापणीचे सांगितले तसे ते खुलले. १९७०च्या दशकात ट्रॉलर अगदी किनाऱ्यापर्यंत यायचे, रापणीची जाळी फाडून जायचे, आणि रापणकाराच्या हाती काही उरायचे नाही. तेव्हा माथानी साल्ढाणा या शिक्षकाने रापणकारांना एकत्र बांधले, मोर्चे निघाले, समुद्रात मारामाऱ्या झाल्या. त्यातून १९८०चा सागरी मासेमारीचा कायदा आला आणि किनाऱ्याजवळच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलरना बंदी झाली. आजोबांच्या मते कायदा चांगला, पण रात्री दिवे बंद करून येणाऱ्यांना तो दिसत नाही. मग त्यांनी दादाचे तळवे बघायला मागितले आणि जोरात हसले.

साडेतीनला उठलो. ही चालीतली सर्वांत कठीण घटका. अंग आंबलेले, वाळू तापलेली, पाणी नुकते उतरू लागलेले. पहिला तास कोरड्या वाळूतून, पाऊल टाकले की अर्धे मागे घसरत. दिलासा एकच, वारा आता समुद्रावरून, वायव्येकडून सुटला होता आणि उजव्या खांद्यामागून ढकलत होता. हे मोबोरहून उलटे चालणाऱ्याला तोंडावर घ्यावे लागते, वर वाळूचे कण डोळ्यांत. दिशा मामांनी उगीच निवडली नव्हती.

बाणावली सोडल्यावर माणसे विरळ होतात. वार्क्याचा किनारा मला सगळ्यांत आवडला. वर वाळूच्या टेकड्या अजून शाबूत आहेत, त्यांच्यावर मर्यादवेलीची जाळी, जांभळी फुले, आणि रावणाच्या मिशा नावाचे ते टोकदार गवत, ज्याचे काटेरी गोल चेंडू सुटून वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर गडगडत जातात. एक चेंडू बराच वेळ आमच्या पुढे पळत होता. ही वेल आणि हे गवत वाळू धरून ठेवतात. जिथे हॉटेलांनी ती उपटून हिरवळ लावली आहे तिथे पावसाळ्यात समुद्राने घास घेतलेला स्पष्ट दिसतो.

अशाच एका मोठ्या हॉटेलासमोर ओल्या वाळूवरून जात असताना रखवालदाराने शिटी मारली. "इदर से नहीं जाने का, प्रायव्हेट है." मामा थांबले. चष्मा पुसला. मग वर्गात शिकवत असल्यासारखे सावकाश, हिंदीत, त्याला विचारले की भरतीला हे पाणी कुठपर्यंत येते. त्याने वर हात दाखवला. "मग तिथपर्यंत समुद्र आहे. समुद्राचा मालक कोण ते तुमच्या साहेबांना विचारून ठेवा, आम्ही परत येऊ." बिचारा उत्तर प्रदेशातला पोरगा होता, बारा तासांची ड्युटी, आम्हाला थंड पाणी देऊ का म्हणाला. दोष त्याचा नाहीच. पण गोव्यातल्या गोव्यात माणसे अशा शिट्यांना घाबरून वळसा घालतात हे मी पाहिले आहे, आणि त्याचा मला राग येतो.

केळशीच्या आसपास मामांनी डावीकडे बोट केले. माडांमागे, आपल्याला न दिसता, साळ नदी सकाळपासून आपल्याबरोबर चालते आहे. वेर्ण्याकडे उगम पावते, समुद्र एवढा जवळ असूनही त्याला मिळत नाही, समांतर दक्षिणेला वाहत राहते. मध्ये आहे ती फक्त वाळूची पट्टी, आपण जिच्यावर दिवसभर चाललो ती. लाटा वाळू आणून टाकत राहतात आणि नदीला वाट मिळत नाही. शेवटी बेतूलचा डोंगर आडवा येतो तेव्हा ती वळून समुद्रात शिरते. "म्हणजे आपण पुलावरनं चाललोय म्हणा की," दादा म्हणाला. मामांना हे उत्तर इतके पटले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेवटचे दोन किलोमीटर ही पट्टी अरुंद होत जाते. सुरूची झाडे, त्यांतून डावीकडे नदीचे शांत पाणी चमकताना दिसते, उजवीकडे समुद्राचा आवाज. सूर्य बुडाला तेव्हा आम्ही टोकापासून अजून थोडे दूर होतो. पाणी खूप मागे गेले होते आणि सकाळसारखी कडक वाळू परत मिळाली होती, त्यामुळे लंगडत का होईना, चाल जमली. टोकाला पोचलो तर पुढे वाळू संपून काळे पाणी वेगाने बाहेर धावत होते. ओहोटीला साळेचे पाणी इथे असे ओढ घेते की गुडघाभर पाण्यातही पाय ठरत नाही. पोहायची जागा नव्हे ही. पलीकडे बेतूलचे दिवे लागले होते आणि मासेमारीच्या होड्या एकामागून एक मुखातून बाहेर पडत होत्या, डिझेलचा वास मागे सोडत. वहिनी वाळूवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला उचलूनच न्या."

केळशीत खोली घेतली होती. दादाने मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवले आणि बादलीत पाय ठेवूनच झोपी गेला.

रविवार: पलीकडचा काठ

रविवारी संकष्टी. वहिनींचा उपास, आणि बेतूल हे साळेच्या मुखातल्या शिनाण्यांसाठी, म्हणजे खायच्या शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. हा योग काही चांगला नव्हता.

मोबोरहून एका होडीवाल्याने पैसे ठरवून पलीकडे सोडले. रस्त्याने हा फेरा असोळण्याला जाऊन यावा लागतो. होडीने दहा मिनिटे. बेतूलच्या धक्क्यावर जाळी दुरुस्त करणारे बसले होते, आणि बाजूला पोत्यांवर काळ्या-हिरव्या शिंपल्यांचे ढीग. एका घरात शिनाणे रव्यात घोळून तळून मिळाले, कुरकुरीत, आत मऊ. मी आणि दादाने खाल्ले. मामांनी खाताना डोळे मिटले. वहिनींनी दोन केळी आणि एक शहाळे घेतले आणि आमच्याकडे पाठ करून नदी बघत बसल्या.

तिथून बसने काब द रामच्या किल्ल्यावर. किनारा संपतो आणि एकदम जांभ्याचे पठार सुरू होते. काजूला मोहोर आला होता, खिडकीतून त्याचा गोडसर वास येत होता. किल्ला सोंद्याच्या राजाकडून अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला आणि १९५५पर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. आत सेंट अँथनीचे चर्च अजून चालू आहे. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी कथा आहे, म्हणून हे नाव. खंदकावरून आत गेल्यावर पंधरा-वीस पायऱ्या उतरायच्या होत्या. दादा त्या उलटा, कठड्याला धरून उतरला. चार शाळकरी मुली बघत होत्या. दुपारच्या उन्हात आम्ही किल्ल्याचा निम्मा भागही पाहिला नाही. पुन्हा पावसाळ्यानंतर, ताज्या पायांनी यायला हवा.

बाहेर रस्त्याकडेला एक बाई खोल मिरच्या, म्हणजे इथल्या खोल गावाच्या नावाच्या मिरच्या, विकत होत्या. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती मिरची, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी, गडद लाल. वहिनींनी एक मोडून वास घेतला, बी जिभेला लावले.

"रंग चांगला. तिखट बेताची," त्या म्हणाल्या.

"तुमच्या कोल्हापुराक बेताची," बाई म्हणाल्या, आणि भावात एक रुपया कमी केला नाही. तरी अर्धा किलो घेतल्याच.

मडगावची बस तासाभराने आली, खच्चून भरलेली. मागच्या बाकावर जागा मिळाली, दादाचा पाय मधल्या वाटेत ताठ पसरलेला, प्रत्येक जण त्याला ओलांडून जाणारा. कंडक्टरने तिकीट फाडताना पायाकडे पाहून अपघात झाला काय असे विचारले. मामांनी सगळी हकीकत सांगितली, वेळसावपासून. कंडक्टरला ती फारशी खरी वाटली नसावी.

कुंकळ्ळीच्या पुढे दादाला हुशारी आली. "मामा, पुढच्या बारीला आगोंद ते गालजीबाग करू."

"किनाऱ्याकिनाऱ्याने होत नाही ते. मध्ये डोंगर आहेत, पाळोळ्यापर्यंत वरून जंगलातून यावे लागते. आणि गालजीबागेच्या आधी तळपणची नदी. होडी लागेल."

"डोंगर हायत ना? मग झालं. होडी पण घेऊ."

"बूट?" वहिनींनी विचारले.

बूट केळशीच्या खोलीत पलंगाखाली राहिले होते.